फुटपाथ क्रमांक सतरा

शशिधर रिसबुडांना आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही विचारलं होतं आणि त्यातलं बरंचसं त्यांनी मुकाट्याने गिळलं होतं. पण १९९१ सालच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी, लिटल पॅडनी नावाच्या खेड्याबाहेर, नांगरलेल्या शेताच्या तोंडाशी, ट्रॅक्टरवर बसलेल्या एका माणसाने त्यांना "आर यू लॉस्ट, सर?" असं विचारलं, ते मात्र त्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

त्यातून ते 'सर'. इंग्रज माणूस 'मेट' म्हणाला तर समजावं की आपलं काही चुकलेलं नाही. 'सर' म्हणाला की समजावं, आता आपल्याला दार दाखवणार. आणि वाट चुकलात का, हे कोणाला विचारायचं? वॉटफर्डच्या एका कंपनीत चोवीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काम करणाऱ्या माणसाला. ज्याने जमिनीखालच्या, कोणाला न दिसणाऱ्या गटारांचे नकाशे काढले, इंचभर इकडेतिकडे होऊ दिलं नाही, त्याला. त्याच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा लोंबतो आहे, त्या नकाशावर हिरवी तुटक रेघ आहे, त्या रेघेचा अर्थ 'सार्वजनिक पायवाट' असा समासात छापलेला आहे, आणि ती रेघ ह्या शेताच्या बरोब्बर मधून पलीकडच्या चर्चपर्यंत जाते आहे, हे सगळं असताना.

"वाट कडेने आहे," ट्रॅक्टरवरचा माणूस म्हणाला. त्याचं नाव ट्रिग, हे नंतर कळलं. "सगळे कडेनेच जातात."

रिसबुडांनी नकाशा वर करून हिरव्या रेघेवर बोट ठेवलं. ट्रिगने नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी ह्या शेतावर जन्मलो," तो म्हणाला. "तुमचा नकाशा काही इथे जन्मला नाही."

रिसबूड समासातला छापील अर्थ वाचून दाखवेपर्यंत ट्रॅक्टर पुढे गेला होता. पण खरा घाव पुढेच होता. सलवार-कमीजखाली गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट घातलेल्या त्यांच्या पत्नी मधुमतीबाई, नवरा वाद घालतो आहे असं पाहून, शांतपणे कडेकडेने चालत शेताच्या पलीकडे पोचल्या होत्या आणि तिथून हात हलवून सांगत होत्या, "अहो, इकडून या, मस्त वाट आहे."

ट्रिगने ते ऐकलं. मराठी कळायची त्याला गरज नव्हती. परतीच्या गाडीत, लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या टोकापासून आपल्या पिनरपर्यंत, रिसबूड एक अक्षर बोलले नाहीत. मधुमतीबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा पुढे केला, तोही त्यांनी खिडकीकडे तोंड करून रिकामा केला.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. माणसाचा अपमान झाला की आपल्या घरात बसून त्याला निवांतपणे कुढता यावं, एवढी सोय पिनरमध्ये नाही. तीन घरं सोडून राहणारा नंदू टिपणीस त्याच संध्याकाळी चहाला आला. नंदू विम्याच्या कंपनीत होता आणि इंग्लंड आपल्याला आतून-बाहेरून कळलं आहे, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं.

"शशी, लेट इट गो," नंदू म्हणाला. "कडेने गेलास तर तुझं काय जातं? उलट एक्सरसाइज जास्त होतो."

"प्रश्न एक्सरसाइजचा नाही."

"मग कसला आहे?"

रिसबुडांना ते सांगता येईना. शेजारच्या मिसेस व्हिटकर कुंपणावरून म्हणाल्या, "मी तुमच्या जागी असते ना, तर कोणाला तरी पत्र लिहिलं असतं." इंग्रज बाईकडून ह्यापेक्षा जहाल सल्ला मिळणं शक्य नाही. रिसबूड थोडे सावरले.

त्यांना खरी साथ दिली ती मुलीने. सुनीती लीड्सला कायदा शिकत होती आणि वीकेंडला घरी आली होती. "बाबा, यू आर टोटली राइट," ती म्हणाली. "लास्ट इयरच नवीन अ‍ॅक्ट आलाय. फार्मरला नांगरायचं तर नांगरू दे, पण फोर्टीन डेजमध्ये त्याने तुझा वाट परत केला पाहिजे. वन मीटर वाइड. इट्स द लॉ." त्या वाक्यातली वाट पुल्लिंगी झाली होती, पण ती परत मिळणार होती, म्हणून रिसबुडांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

त्यांनी कौंटी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेला, पत्र लिहिलं. सोबत स्वतः काढलेला नकाशा जोडला: काळ्या शाईत शेत, हिरव्या शाईत वाट, लाल शाईत ट्रिग. पाच आठवड्यांनी उत्तर आलं की आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. नोंद कुठे घेतली आहे, हे विचारायला त्यांनी फोन केला, तेव्हा मिसेस प्रॉक्टर भेटल्या.

पायवाटांचं खातं सांभाळणाऱ्या ह्या बाई इतक्या गोड बोलत की त्यांच्याशी भांडताच येईना. त्यांनी सांगितलं, तुमची वाट म्हणजे फुटपाथ क्रमांक सतरा, बरं का. अगदी खरी, अगदी कायदेशीर. फक्त ती 'क' वर्गात आहे. म्हणजे कोणी फारसं वापरत नाही अशी.

"ती नांगरलेली आहे म्हणून कोणी वापरत नाही," रिसबूड म्हणाले.

"बरोबर," मिसेस प्रॉक्टर म्हणाल्या.

"आणि कोणी वापरत नाही म्हणून तुम्ही ती मोकळी करून देत नाही."

"किती नेमकं मांडलंत तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या.

'क' वर्गाची पाळी १९९७ साली येणार होती. मात्र निरनिराळ्या ऋतूंमध्ये मिळून तीसेक माणसं त्या वाटेने चालली आणि त्यांनी तसे सहीचे फॉर्म भरून दिले, तर वाट 'अ' वर्गात जाईल आणि बाई स्वतः पाहणीला येतील. फॉर्म पाठवू का? रिसबूड म्हणाले, शंभर पाठवा.

आता पिनर, हॅरो आणि वेम्बली मिळून मराठी माणूस काही कमी नाही. पण त्याला सतरंजीवर बसवायचं असेल तर तो येतो. चिखलातून चालवायचं असेल तर त्याला त्या दिवशी नेमकं काहीतरी असतं. नोव्हेंबरअखेरच्या पहिल्या वॉकला पाचजण आले. त्यात नंदू इटालियन बूट घालून आला. तिथली माती अशी चिकट की ती बुटाला धरते आणि सोडत नाही. शेताच्या मधोमध नंदूचा डावा बूट आत गेला आणि नंदू पुढे गेला. दोघांनी हात घालून शोधला, एक गारगोटी मिळाली. तो बूट आजही फुटपाथ क्रमांक सतराच्या खाली आहे. नंदूने फॉर्मवर 'सूचना' ह्या रकान्यात काय लिहिलं ते इथे देण्यासारखं नाही, पण सही केली.

खरी आपत्ती जानेवारीत आली. थंडी कडक होती, जमीन गोठून टणक झाली होती, म्हणजे बूट जायची भीती नव्हती. अकराजण आले. शेतात आता दूर्वांएवढं हिरवं काहीतरी उगवलं होतं आणि त्यावर हिमाची पांढरी साय धरली होती. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या चढून मंडळी आत उतरली आणि मधुमतीबाई थबकल्या.

"अहो, हे गवत नाही. गहू आहे हा."

"मग?"

"मग काय? अन्न आहे. अन्नावर पाय कसा द्यायचा?"

रिसबुडांनी सांगितलं की कायद्याने देता येतो. मधुमतीबाई म्हणाल्या, कायद्याने काय काय करता येतं ते मला नका सांगू. ताटातलं शीत खाली पडून पायाखाली आलं तर उचलून कपाळाला लावायचं, असं शिकून आलेले अकराजण त्या शेतापुढे उभे राहिले. मधुमतीबाई पुढे आणि आठजण मागे, असे त्यातले नऊजण निमूटपणे कडेने निघून गेले. मधून गेले ते दोघे: एक रिसबूड आणि दुसरा नंदू, ज्याला त्या शेताबद्दल काहीही पवित्र वाटत नव्हतं.

आणि मराठी मध्यमवर्ग फॉर्मवर खोटं लिहीत नाही. 'आपण कोणत्या मार्गाने गेलात?' ह्या प्रश्नापुढे नऊजणांनी वळणदार अक्षरांत लिहिलं, 'शेताच्या कडेने.' एकाने तर पुढे जोडलं, 'कडेची वाट अतिशय सोयीची आहे.' ट्रिगने पैसे देऊन साक्षीदार उभे केले असते तरी त्याला इतके चांगले मिळाले नसते. रिसबूड ते नऊ कागद हातात धरून रात्रीच्या जेवणापर्यंत नुसते बसून होते.

"एवढं काय मनाला लावून घेता?" मधुमतीबाई म्हणाल्या. "कडेने गेलं तर बिघडतं काय?"

तेव्हा रिसबुडांच्या तोंडून ते बाहेर पडलं. "चोवीस वर्षं मी कडेनेच चाललोय, मधू. ऑफिसात माझ्या हाताखाली शिकलेली तीन पोरं माझ्यावर साहेब झाली. मी म्हटलं, असू दे. मीटिंगमध्ये माझा नकाशा दुसऱ्याने दाखवला. म्हटलं, असू दे. ह्या देशात मधून जायचा हक्क मला कागदावर छापून कोणी दिला असेल तर तो ह्या एका शेतात. आणि तिथेही तुम्ही सगळे मला सांगता, कडेने जा."

 दुसऱ्या दिवशी मधुमतीबाईंनी हॅरोला अतुल शिंद्यांच्या घरी फोन केला.

अतुलचे वडील, विष्णूकाका, वर्षभरासाठी मुलाकडे राहायला आले होते. निफाडचे. साठ वर्षं गहू पेरलेला माणूस सेमी-डिटॅच्ड घरातल्या रेडिएटरला पाठ लावून बसला होता आणि कोणी काही विचारत नाही म्हणून कंटाळला होता. त्यांना प्रश्न सांगितला तेव्हा ते हसायला लागले.

"वहिनी, शेतकरी काय उडत जातो का हो पिकातून? खुरपायला, पाणी द्यायला मधूनच जावं लागतं. कोवळ्या गव्हाला पाय लागला तर तो उलट फुटवे जास्त धरतो. जमिनीला नमस्कार करायचा आणि चालायचं."

एवढंच हवं होतं. एप्रिलच्या वॉकला चौदाजण आले, विष्णूकाका सर्वांत पुढे. कुंपणांत पांढरी फुलं आली होती, झाडीखाली जांभळा सडा पडावा तशी ब्लूबेल्स पसरली होती, वर एक पक्षी दिसत नव्हता पण सारखा गात होता, आणि ह्या कशाकडेही रिसबुडांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांचं लक्ष पायांकडे होतं. पायऱ्या उतरल्यावर चौदाच्या चौदा माणसं एका ओळीत वाकली, मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि गव्हात शिरली. बांधावर ट्रिग उभा होता. हे लोक आपल्या शेताच्या पाया का पडताहेत ते त्याला कळेना. त्याने टोपी काढली, मग आपण ती का काढली हेही न कळून परत घातली. त्या दिवशी फॉर्मवर चौदा वेळा 'मधून' लिहिलं गेलं.

मे महिन्यातल्या आणखी एका वॉकला दहाजण आले आणि तीस आकडा पार झाला. मिसेस प्रॉक्टरनी जुलैतला दुसरा रविवार पाहणीसाठी दिला. ट्रिगलाही नोटीस गेली.

त्या दिवशी झाडून सगळे आले. एकतीस माणसं, सात डबे, दोन सतरंज्या. मिसेस प्रॉक्टर जाड बूट आणि मोजायचं चाक घेऊन आल्या. गहू कमरेएवढा झाला होता आणि त्यातून, चालून चालून, एक अरुंद पण सरळ वाट पडली होती. रिसबूड पुढे आणि चाक लोटत बाई मागे, अशा त्या दोघांनी ती वाट पार केली, तेव्हा रिसबुडांचा ऊर भरून आला होता. पलीकडे चर्चच्या अंगाला गवताचा मोकळा तुकडा होता. तिथे मंडळी सतरंज्या घालून बसणार होती. रिसबूड मात्र परत फिरले, कारण पहिल्या टोकाच्या पायऱ्या नकाशावरच्या जागेपासून तीन-चार इंच सरकल्या आहेत, असा त्यांना संशय होता आणि टेप लावल्याशिवाय त्यांना राहवेना. तेवढीच वीस-पंचवीस मिनिटं ते तिथे नव्हते.

विष्णूकाका वाटेत थांबले होते. त्यांनी एक ओंबी हातात धरली, नखाने दाणा दाबून पाहिला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"दाणा चिकात आहे," ते म्हणाले. "आजच्यासारखा दिवस नाही. दोन दिवसांनी येऊन उपयोग नाही."

पुढचं कोणी ठरवलं नाही. कोणाच्या तरी आजोळी कधीतरी शेतावर ओंब्या भाजल्या होत्या. लंडनमध्ये वीस-वीस वर्षं काढलेल्या माणसांना ते एकदम आठवलं आणि चालता चालता दोन्ही हात आपोआप बाजूला गेले. जानेवारीत अन्नाला पाय लागेल म्हणून ज्यांनी शेताला वळसा घातला, त्यांनीच जुलैमध्ये मूठ मूठ ओंब्या मोडल्या. पाय लावणं वेगळं, खाणं वेगळं. खाण्यासाठीच तर असतं ते. गवताच्या तुकड्यावर काटक्या जमल्या, आगटी पेटली, करपलेल्या गव्हाचा वास सुटला. हातावर चोळायचं, फुंकर मारून फोलकटं उडवायची आणि तोंडात टाकायचं. मधुमतीबाईंच्या डब्यात लसणाची चटणी होती, हा काही योगायोग नव्हे. ती त्यांच्या डब्यात असतेच.

वाटेची मापं लिहीत बाजूला बसलेल्या मिसेस प्रॉक्टरना कोणीतरी कागदी बशीत दिलं.

"किती छान," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही घरून करून आणलंत?"

"व्हेरी फ्रेश," मधुमतीबाई म्हणाल्या.

बाईंनी आणखी घेतलं. तिसऱ्या वेळेला त्यांनी स्वतःच चोळायला शिकून घेतलं. आणि तेवढ्यात ट्रिग आला.

त्याने आगटीकडे पाहिलं, बशांकडे पाहिलं. "दॅट्स माय व्हीट," तो म्हणाला. ओरडला नाही. एकतीस माणसांचं चावणं एकदम थांबलं.

हातात टेप घेऊन धापा टाकत रिसबूड पोचले ते ह्या शांततेत. काय झालं हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. आपली पत्नी, आपला मित्र, आपले शेजारी-पाजारी, सगळ्यांचे ओठ काळे झालेले त्यांनी पाहिले, आणि नऊ महिन्यांची पत्रं, नकाशे, फॉर्म त्या धुरातून वर जाताना दिसले. ह्या माणसांसाठी आपण उन्हाळे-पावसाळे एक केले, असं त्यांना वाटलं. ज्या एका माणसापुढे आपली मान ताठ राहायला हवी, त्याच्यापुढे ह्यांनी ती खाली घालायला लावली, तीसुद्धा चटणी लावून.

ट्रिगच्या चेहऱ्यावर मात्र ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच प्रसन्नता आली होती. तो मिसेस प्रॉक्टरकडे वळला. "मी काही पोलिसांना बोलावत नाही," तो म्हणाला. "ह्यांनी ह्यापुढे कडेने जावं. कडेचं गवत मी स्वतः कापून देईन. तसं तुम्ही लिहून घ्या आणि सगळे घरी जाऊ."

मंडळींचा जीव भांड्यात पडला. नंदू कानाशी येऊन कुजबुजला, "शशी, घे. सेटल कर. बेस्ट ऑफर आहे."

सगळे आपल्याकडे बघताहेत, हे रिसबुडांना कळलं. ह्या प्रसंगासाठी त्यांनी आंघोळ करताना कित्येक महिने एक इंग्रजी वाक्य घोटून ठेवलं होतं, त्यात कलमाचा नंबरसुद्धा होता. ते आता आठवेना.

"मिस्टर ट्रिग," ते म्हणाले आणि आवाज कापला, म्हणून पुन्हा म्हणाले, "मिस्टर ट्रिग. गहू आमच्या माणसांनी तोडला. चूक आहे. मी माफी मागतो. आमच्यापैकी कोणी पुन्हा हात लावणार नाही. पण गहू वेगळा आणि वाट वेगळी. गहू तुमचा आहे. वाट तुमची नाही. ती मधून जाते, आणि आम्ही मधूनच जाणार."

ट्रिगने मिसेस प्रॉक्टरकडे पाहिलं. आता सरकारनेच काय ते सांगावं, असा त्याचा चेहरा होता.

"मला वाटतं, ह्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे," मिसेस प्रॉक्टर म्हणाल्या. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, त्याने काजळी ओठांवरून गालापर्यंत गेली. "आणि मिस्टर ट्रिग, तुमचा थोडा गहू बहुधा मीही खाल्लाय."

ट्रिग त्यांच्या काळ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. तक्रार करायची तर ती आता कौंटी कौन्सिलविरुद्धही करावी लागणार होती. तेव्हा विष्णूकाका उठले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे त्यांना अवघडही वाटत नव्हतं. आगटीशेजारी पानावर त्यांनी चार ओंब्या वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या त्यांनी हातावर चोळल्या, फुंकर मारली आणि तळहात ट्रिगपुढे धरला.

"घ्या मालक. तुमचा वाटा आधीच काढून ठेवलाय. गहू चांगला आहे. पाणी जरा जास्त झालंय."

"काय म्हणतात ते?" ट्रिगने विचारलं.

"गहू फार छान आहे म्हणतात," नंदू घाईने म्हणाला.

"पाणी जास्त झालंय, असंही म्हणतात," रिसबूड म्हणाले. आता खोटं बोलायचं त्यांच्यात त्राण नव्हतं.

ट्रिगने त्या तळहाताकडे पाहिलं, मग काकांच्या बोटांकडे पाहिलं. दाणे उचलून तोंडात टाकले. चावता चावता तो शेताकडे बघत होता.

"बरोबर आहे त्याचं," तो शेवटी म्हणाला. "जूनमध्ये पाऊस फार झाला." मग त्याला आपण रागावलेलो आहोत हे आठवलं असावं. "ती आग विझवा," असं म्हणून तो निघून गेला, आणि जाताना सवयीने कडेने गेला.

फुटपाथ क्रमांक सतरा 'अ' वर्गात गेल्याचं पत्र ऑगस्टमध्ये आलं. गहू कापला गेला. सप्टेंबरअखेर शेत नांगरलं गेलं तेव्हा रिसबुडांनी कॅलेंडरवर चौदा चौकोन आखले आणि ट्रिगने चौदावा दिवस ओलांडावा म्हणून वाट बघत बसले. ट्रिगने तेरा दिवसांत रोलर फिरवून वाट करून दिली. रिसबुडांनी टेप लावला. एक मीटर आणि चार सेंटिमीटर. तक्रारीला जागाच नव्हती, ह्याचा त्यांना थोडा रागच आला.

रागाला दुसरं कारण मात्र मिळालं. कौन्सिलने पायऱ्यांपाशी 'पब्लिक फुटपाथ' असा नवाकोरा खांब रोवला होता आणि त्याच्या खाली, ट्रिगने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी खिळ्याने ठोकली होती: 'शेकोटी करू नये. गहू खाऊ नये.'

"हे आपल्यालाच लिहिलंय," रिसबूड फणफणले. "दुसऱ्या कुठल्या वाटेवर बघितलीस अशी पाटी? आख्ख्या इंग्लंडमध्ये?"

"दुसरीकडे कुठे खाल्लाय का आपण?" मधुमतीबाई म्हणाल्या आणि पायऱ्या चढल्या.

आत उतरून दोघांनी वाकून नमस्कार केला. आता ते अंगवळणी पडलं होतं. पेरणी झालेली होती. मऊ काळपट मातीतून ती पट्टी चर्चपर्यंत सरळ गेली होती, आणि रिसबूड तिच्या मधोमध चालत निघाले. अर्ध्यावर आल्यावर त्यांना शेताच्या कडेला एक इंग्रज जोडपं दिसलं. पंचावन्न-साठीचं, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला नकाशा, बूट स्वच्छ. कुंपणाला धरून धरून चाललेलं ते जोडपं रिसबुडांना पाहून थांबलं, नकाशात बघू लागलं, पुन्हा त्यांच्याकडे बघू लागलं.

रिसबूड थांबले. त्यांनी घसा साफ केला.

"आर यू लॉस्ट, सर?"

"अहो," मधुमतीबाई हलकेच म्हणाल्या, "जाऊ द्या ना त्यांना कसंही."

"आम्हाला वाटलं, वाट कडेने आहे," तो माणूस तिकडून म्हणाला. त्याचा चेहरा ओशाळला होता.

"नाही," रिसबूड म्हणाले. "मधून आहे. या."

ते दोघं चिखल तुडवत पट्टीवर आले, थँक यू म्हणाले. एक मीटर चार सेंटिमीटरच्या वाटेवर चार माणसं मावत नव्हती. रिसबुडांनी पुन्हा वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला नेला आणि पेरलेल्या रानात एक पाऊल बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ दिलं.